न्यायाची नक्कल

गेल्या महिन्यात दिल्लीतील आमच्या मराठी मंडळींनी विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाचा प्रयोग केला. हौशी संच, उसने नेपथ्य, आणि दिवसभर कचेरीत कागद हलवून संध्याकाळी तालमीला धावणारे नट. हे सारे ध्यानात घेता प्रयोग चांगला वठला असेच म्हटले पाहिजे. परंतु प्रयोगाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मध्यंतरात चहाचा पेला हाती घेऊन उभे असता, कायदे खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "नाटक म्हणून ठीक आहे हो, पण खऱ्या कोर्टात असे होत नसते. तिथे सगळे कागदावर असते."

त्यांनी हे वाक्य न्यायालयाला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून उच्चारले होते. आम्हांस मात्र ते घरी परतताना, आणि नंतरही कित्येक दिवस, निराळ्याच अर्थाने टोचत राहिले. आम्ही विधिज्ञ नाही. कलाशाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो, त्यास आता बारा वर्षे झाली. या बारा वर्षांत न्याय किती पाहिला ते सांगवत नाही. कागद मात्र पुष्कळ पाहिले. म्हणून निर्दोष मनुष्यास शिक्षा कशी होते, आणि आमच्या साहित्याने व चित्रपटाने या प्रश्नाचे आजवर कोणते उत्तर दिले आहे, याचा विचार एका कारकुनाच्या बाजूने करून पाहावा असे मनात आले. वाचकांनी त्याकडे तेवढ्याच मर्यादेत पाहावे.

प्रथम तेंडुलकरांचे नाटक घेऊ. १९६७ साली ते प्रथम रंगभूमीवर आले. एका गावी प्रयोगासाठी आलेली नाटकमंडळी वेळ काढण्यासाठी लुटुपुटीचा खटला उभा करतात. आरोपीच्या पिंजऱ्यात लीला बेणारे या शिक्षिकेला उभे करतात. आणि बघता बघता खेळ संपून शिकार सुरू होते. या नाटकातील स्त्रीच्या दुःखाविषयी विपुल लिहिले गेले आहे. येथे आम्ही केवळ त्यातील पुराव्याविषयी बोलणार आहो.

सामंत हा त्या गावचा साधाभोळा मनुष्य. त्याला या मंडळींशी वैर नाही, बेणारेबाईंविषयी तर आदरच आहे. त्याला साक्षीदार व्हायला सांगतात तेव्हा त्याच्यापाशी सांगण्याजोगे काहीही नसते. मग तो हातातल्या कादंबरीचा आधार घेतो आणि तीतील प्रसंग साक्षीत घालून मोकळा होतो. खेळच तर आहे! परंतु ही रचलेली साक्ष नेमकी लागू पडते, आणि तेथून पुढे तीच पुरावा म्हणून धरली जाते. ज्याने ती रचली तो बाजूला उभा राहून चकित होतो. त्याचे बोलणे आता त्याचे उरलेले नसते. आणखी पुढे काशीकर, जे न्यायाधीश आहेत, तेच आसन सोडून साक्ष द्यायला उतरतात आणि साक्ष देऊन पुन्हा न्यायासनावर जाऊन बसतात. हे पाहून प्रेक्षक हसतात. आमचे वृद्ध स्नेहीही हसले असतील. पण साक्ष ही सापडत नाही, ती घडवली जाते, आणि एकदा घडल्यावर घडवणाऱ्याचेही ऐकत नाही, हे इतक्या स्वच्छ रीतीने मराठीत त्यापूर्वी कोणी दाखवले असेल असे आम्हांस वाटत नाही.

तथापि नाटकाची एक मर्यादाही आहे. सुखात्मे, काशीकर, पोंक्षे, कर्णिक ही सारी माणसे आतून कुढलेली, हुकलेली, दुसऱ्याच्या पडण्यात समाधान शोधणारी आहेत. अन्याय त्यांच्या स्वभावातून उगवतो. बेणारेबाईंना आपली बाजू मांडण्यासाठी दहा सेकंद देणारे हे न्यायालय आम्हांस भयंकर वाटते. पण ते भयंकर वाटते म्हणूनच आपण आणि ते यांत अंतर पडते. प्रेक्षक घरी जाताना म्हणतो, माणसे किती दुष्ट असतात! तो असे म्हणत नाही की, उद्या सकाळी दहा वाजता मीही अशाच एका कामावर हजर होणार आहे.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे. रेजिनाल्ड रोझ या अमेरिकन लेखकाने १९५४ साली दूरचित्रवाणीसाठी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' लिहिले. १९५७ साली सिडने ल्युमेटने त्याचा चित्रपट केला. आणि १९८६ साली बासू चॅटर्जींनी 'एक रुका हुआ फैसला' या नावाने ते हिंदीत आणले. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा; बारा पंच एका खोलीत कोंडलेले; अकरांनी दोषी म्हटले आहे, एकटा बारावा शंका काढतो. ज्या सुऱ्यासारखा दुसरा सुरा नाही असे सांगितले गेले, तसाच सुरा तो खिशातून काढून मेजावर रोवतो. पाय ओढत चालणारा म्हातारा पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचू शकेल काय, हे तो खोलीत चालून मोजतो. जिने खून पाहिला म्हणून सांगितले त्या बाईच्या नाकावर चष्म्याचे वण होते, हे शेवटी कोणाला तरी आठवते. एकेक पुरावा असा उसवत जातो आणि पोरगा वाचतो.

हा चित्रपट आम्हांस अत्यंत प्रिय आहे, आणि तो अनेकदा पाहिला आहे हे कबूल करतो. पुरावा तपासणे म्हणजे काय, याचा इतका उत्तम पाठ दुसरीकडे मिळणे कठीण. परंतु त्याचा हिंदी अवतार पाहताना एक विचित्र जाणीव होते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पंचमंडळापुढे चालणाऱ्या खटल्याला जागाच ठेवलेली नव्हती. म्हणजे १९८६ साली पडद्यावर जी खोली दाखवली गेली ती या देशात अस्तित्वातच नव्हती. पंकज कपूरांसारख्या नटाचे सामर्थ्य ही उणीव झाकून टाकते, आणि आम्ही तिला कलेची सवलत म्हणून सोडूनही देऊ. पण तिच्यामागे एक अधिक खोल फसवणूक आहे. बारा माणसांना दुसरे काम नाही. त्यांच्या हाती दुसरी फाईल नाही. पुरावा काल ऐकलेला, ताजा आहे. आणि त्यांच्यात एक सज्जन, शांत, हुशार मनुष्य हटकून आहे. न्यायाला अशा चार गोष्टी एकदम मिळाल्या तर तो होईलच. त्या मिळत नाहीत तेव्हा काय होते, हा खरा प्रश्न.

एका कलाकृतीत अन्यायाचे कारण दुष्ट मनुष्य. दुसरीत न्यायाचे कारण सुष्ट मनुष्य. दोहोंतही सारे माणसाच्या अंतःकरणावर अवलंबून आहे. कागद कोठेच नाही.

कागद प्रथम आला तो चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटात. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला, त्या वर्षाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही त्यास मिळाले, आणि तरीही आमच्या ओळखीच्या पुष्कळ मराठी कुटुंबांनी तो अर्ध्यावर सोडला, कारण 'त्यात काही घडत नाही'. हा आक्षेप खरा आहे, आणि तोच चित्रपटाचा विषय आहे.

नारायण कांबळे नावाचे वयस्क लोकशाहीर. गटारात उतरणारा एक सफाई कामगार गुदमरून मरतो. शाहिरांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली असा आरोप ठेवून पोलीस त्यांना पकडतात. आरोप हास्यास्पद आहे हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणी कळते. परंतु न्यायालयात कोणी हसत नाही. तारखा पडतात. सरकारी वकीलबाई कलमे एकसुरी वाचून दाखवतात. त्यांना शाहिरांचा द्वेष नाही. कोर्ट सुटले की पाळणाघरातून मूल घ्यायचे आणि घरी जाऊन स्वयंपाक करायचा, ही त्यांची चिंता. न्यायाधीश सदावर्ते नियमांचे पक्के. बचावाचे वकील सज्जन आहेत, सुशिक्षित आहेत, जामिनाची रक्कमही स्वतः भरतात. म्हणजे रोझच्या नाटकातला तो बारावा मनुष्य येथे हजर आहे, आणि तरीही काही होत नाही. गाणे ऐकल्याची साक्ष देणारा मनुष्य पोलिसांचा नेहमीचा साक्षीदार आहे, इतर खटल्यांतही तोच उभा होता, हे उघडकीस येते. तेही एका तारखेचे काम म्हणून उरकले जाते.

आमच्या मते या चित्रपटाचे मर्म एका अगदी साध्या दृश्यांत आहे, आणि समीक्षकांनी त्याची फारशी दखल घेतलेली आमच्या पाहण्यात नाही. साक्षीदार बोलतो. मग न्यायाधीश त्याचे बोलणे आपल्या शब्दांत, इंग्रजीत, टंकलेखकाला सांगतात. टंकयंत्रावर जे उमटते ती साक्ष. मृत कामगाराची विधवा सांगते की नवरा खाली उतरण्यापूर्वी गटारात खडा टाकीत असे. झुरळे बाहेर आली की आत हवा आहे असे समजत असे. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. परंतु तो काटा कागदावर उमटत नाही. कागदावर उमटते एक वाक्य, व्याकरणशुद्ध, निर्विकार, सहीच्या जागेसह. येथून पुढे जो कोणी या खटल्याचा विचार करील, वरचे न्यायालय असो की त्याच्याही वरचे, त्याच्यापुढे ती बाई असणार नाही. ते वाक्य असेल.

हे दृश्य पाहताना आम्ही चपापलो, कारण हे काम आम्ही रोज करतो.

येथे एक स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या विभागात होतो तेथे एका शिपायाच्या सेवापुस्तकात अकरा दिवसांच्या 'अनधिकृत गैरहजेरी'ची नोंद होती. ती कोणी केली ते ठाऊक नाही; अक्षर जुने होते. प्रत्येक वर्षी पडताळणीच्या वेळी तिच्याखाली 'पूर्वीच्या नोंदीप्रमाणे' असे लिहून सही करायची रीत होती. तीन वर्षे ती सही आमची आहे. पुढे तो शिपाई वारला, आणि सेवेत खंड पडला आहे म्हणून त्याच्या विधवेचे निवृत्तिवेतन अडून राहिले. अडीच वर्षे ती बाई येरझारा घालीत होती. आम्ही तिला प्रत्येक वेळी बसायला खुर्ची देत असू, पाणी देत असू, आणि नोंद दाखवीत असू. एके दिवशी दुसरेच काही शोधताना दुसऱ्या गठ्ठ्यात त्या शिपायाचा रजेचा अर्ज सापडला. रुग्णालयाच्या दाखल्यासह, मंजुरीच्या शेऱ्यासह. अर्ज चुकीच्या फायलीत लागला होता, एवढेच.

कोणी दुष्टावा केला नव्हता. आमच्यापैकी कोणालाही त्या बाईचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. मात्र आमच्यापैकी कोणीही मूळ कागद शोधला नव्हता. आम्ही नक्कल करीत होतो, आणि प्रत्येक नक्कलेबरोबर ती नोंद अधिक खरी होत होती. पहिल्या वर्षी ती एक शंका होती; दहाव्या वर्षी तिच्याखाली दहा सह्या होत्या. दहा माणसांनी ज्यावर सही केली ते खोटे कसे असेल?

ही क्षुल्लक गोष्ट आहे; तीत कोणी तुरुंगात गेले नाही. परंतु हीच रीत तुरुंगाच्या दारापर्यंत कशी जाते याची उदाहरणे या देशात आहेत. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने १९६८ च्या जूनमध्ये एका आरोपीस निर्दोष ठरवले. तो तुरुंगातून बाहेर पडला १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये. मध्ये चौदा वर्षे गेली. त्याला कोणी शिक्षा ठोठावलेली नव्हती. उलट सुटका झालेली होती. केवळ सुटकेचा कागद पुढे सरकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा तो वेडसर होता असे कारण पुढे करण्यात आले, आणि न्यायालयास ते पटले नाही. १९८३ साली न्यायालयाने त्यास एकूण पस्तीस हजार रुपये नुकसानभरपाई द्यावयास लावली. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल पैशाच्या रूपाने भरपाई देण्याचा पायंडा या निर्णयाने पाडला, म्हणून तो विधिज्ञांत प्रसिद्ध आहे. आम्हांस तो दुसऱ्या कारणासाठी आठवतो. चौदा वर्षांत त्या तुरुंगातील कैद्यांची मोजणी किती हजार वेळा झाली असेल! प्रत्येक वेळी संख्या बरोबर आली असेल. कालच्याप्रमाणे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे, आणि अधिक दारुण आहे. २००३ च्या जूनमध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतातील वस्तीवर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्यातून वाचलेल्या स्त्रीने दोनच दिवसांत पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार माणसे ओळखली. त्या चौघांवर खटला झाला नाही. खटला उभा राहिला तो वेगळ्याच सहा जणांवर. सहाही जण भटक्या जमातीचे, मोलमजुरी करणारे. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेप रद्द करून सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. कागद तेच होते. ते जसजसे वर चढले तसतशी त्यांची शंका वाढली नाही. अखेरच्या पायरीवर वाढली ती शिक्षा.

मग २०१९ च्या मार्चमध्ये, फेरविचाराच्या वेळी, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी हे कागद पुन्हा मुळापासून वाचले, आणि सहाही जणांस निर्दोष सोडले. त्या स्त्रीने ओळखलेल्या चौघांचा तपास का झाला नाही, या प्रश्नाला सरकारपाशी उत्तर नव्हते. ही गोष्ट काही नव्याने सापडलेली नव्हती. ती खटल्याच्या कागदांतच होती. आमच्या शिपायाच्या अर्जासारखी. फरक इतकाच की येथे गठ्ठाही दुसरा नव्हता.

ज्या न्यायालयाने चूक केली त्यानेच ती उघडपणे दुरुस्त केली, तपासात कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले, ही गोष्ट लहान नाही. आणि ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु सोळा वर्षे उलटून गेली होती, आणि त्यांतील बहुतेक फाशीच्या छायेत.

येथे एक सुज्ञ वाचक आम्हांस अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, "कोणीच दुष्ट नाही, सारा दोष कागदाचा, असे म्हणून तुम्ही सर्वांनाच सोडून देता. सहा गरीब भटके पकडले गेले आणि सहा सावकार पकडले गेले नाहीत, हाही कागदाचाच योगायोग काय?" हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो. किंबहुना याच ठिकाणी 'कोर्ट' हा चित्रपटही थोडा अपुरा पडतो असे आमचे मत आहे. तो यंत्राचा आवाज अचूक ऐकवतो. परंतु त्या यंत्रात घातलेला पहिला कागद कोणी लिहिला, हे त्यात ओझरते येते.

तो कागद आमच्या साहित्याने फार पूर्वी दाखवला आहे, पण त्या पुस्तकांकडे आम्ही न्यायव्यवस्थेवरचे साहित्य म्हणून पाहिले नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पांढरपेशा वाचकाने त्यांना दुःखाची कहाणी म्हणून वाचले, डोळे पुसले आणि कपाटात ठेवले. 'उचल्या' पुन्हा वाचून पाहावे. कोठे चोरी झाली की पोलीस प्रथम कोणाच्या वस्तीवर येतात, मार कोणाला बसतो, कबुली कशी निघते, आणि निरपराध असणे ही ज्यांच्यापुरती बाबच नाही अशा माणसांचे बालपण कसे असते, हे त्यात पानोपानी आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही जातीजमातींत जन्मणे हाच गुन्ह्याचा पुरावा ठरवला. १९५२ साली हा कायदा रद्द झाला. मूळ कागद फाडला गेला; परंतु त्याच्या नकला तोवर ठाण्याठाण्यांत, गावागावांत आणि माणसांच्या डोक्यांत पोहोचल्या होत्या, आणि त्या आजही उतरवल्या जात आहेत. २००३ सालच्या त्या सहा जणांवरची पहिली नोंद त्यांच्या जन्मापूर्वीच झालेली होती.

तेव्हा आमचे म्हणणे असे. निर्दोषास शिक्षा होण्यासाठी दुष्ट मनुष्य लागतोच असे नाही. पूर्वी कोणीतरी केलेली एक नोंद लागते, आणि तीखाली सही करणारी सभ्य माणसांची एक रांग लागते. नक्कल ही निरागस नसते. ती मूळ लिहिणाऱ्याचा हेतू, त्याचा द्वेष, त्याची जात, सारे जसेच्या तसे पुढे नेते, आणि उतरवणाऱ्याला मात्र हात स्वच्छ असल्याचे समाधान देते. यात कोणाचीही सुटका नाही. उलट प्रत्येक सही करणारा जबाबदार ठरतो, कारण मूळ कागद पाहण्याची संधी प्रत्येकाला होती.

या कसोटीवर पाहिले की वरील कलाकृतींची आमच्यापुरती संगती लागते. तेंडुलकरांनी खोटी साक्ष जन्मताना दाखवली; रोझने ती उसवताना दाखवली; ताम्हाणे यांनी ती टंकयंत्रावर चढताना दाखवली; माने आणि गायकवाड यांनी ती ज्याच्या पाठीवर उमटते तो मनुष्य दाखवला. चार कामे निरनिराळ्या माणसांनी केली. ती एकत्र करणारी कलाकृती मराठीत अजून आमच्या पाहण्यात आलेली नाही.

आणि पाचवे काम तर अगदीच अस्पर्श राहिले आहे: सुटकेनंतरचे. आमच्या कोर्टनाट्यांचा पडदा निकालाशी पडतो. 'निर्दोष' हा शब्द उच्चारला की टाळ्या होतात. पण नाशिकच्या प्रकरणातील त्या सहा जणांस न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कारकुनाच्या सवयीने आम्ही गणित मांडले: सोळा वर्षांचे महिने एकशे ब्याण्णव, महिन्याला सुमारे दोन हजार सहाशे रुपये. न्यायालयाने आपल्या अधिकारात दिले ते दिले, त्याबद्दल तक्रार नाही. २०१८ साली विधी आयोगाने अशा भरपाईसाठी स्वतंत्र कायदा असावा अशी शिफारसही केली होती. परंतु या रकमेत जे बसत नाही ते कोणत्या रकान्यात लिहावे? बाप गेल्याचे उशिरा कळणे. जे मूल मांडीवर ठेवून गेलो ते लग्नाचे झालेले पाहणे. गावात कोणी दार लावून घेणे, कारण सुटका झाली तरी गावाच्या डोक्यातली नोंद पुसलेली नसते. हे आम्ही कल्पनेने लिहीत आहो, आणि कल्पना किती अपुरी असते हे जाणून लिहीत आहो. हे लिहिण्याचा अधिकार ज्यांना आहे त्यांनी ते लिहावे, आणि मराठी नियतकालिकांनी त्यांना पाने द्यावीत. आमच्यासारख्या परप्रांतात राहून मराठी वाचणाऱ्यांचाही त्यात वाटा असला पाहिजे. मायभाषेतली केवळ गोड पुस्तके मागवून आपले नाते टिकत नाही.

आमच्या वृद्ध स्नेह्यांची परवा पुन्हा भेट झाली. वरील बहुतेक मजकूर आम्ही त्यांस तोंडी सांगितला, आणि त्यांनी तो, काही ठिकाणी भुवया उंचावून, पण शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाले, "पण कागद नको म्हणता, तर दुसरे काय ठेवायचे? माणसाच्या स्मरणावर खटले चालवायचे?" आम्ही म्हणालो, कागद नको असे आमचे म्हणणे नाही. त्या विधवेला तिचे निवृत्तिवेतन अखेर मिळाले ते कागदामुळेच. ते सहा जण सुटले तेही कागदामुळेच. फक्त तो कोणीतरी उघडून वाचावा लागला.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्याकडून 'उचल्या' वाचायला नेले आहे. आमच्या मेजावर सोमवारी एका जुन्या प्रकरणाची फाईल आली आहे. टिपणीत नेहमीप्रमाणे 'पूर्वीच्या नोंदीप्रमाणे' असे लिहिलेले आहे, आणि खाली सहीसाठी जागा सोडलेली आहे. ज्या पूर्वीच्या नोंदीचा तीत हवाला आहे ती अभिलेखागारातून मागवण्याची चिठ्ठी आम्ही पाठवली आहे. ती येईपर्यंत ही फाईल आमच्याकडे प्रलंबित राहील, आणि महिनाअखेरच्या तक्त्यात तीबद्दल आम्हांस उत्तर द्यावे लागेल. ते देऊ.